टेपची कॉपी घेतली, आता ही "डॉट टॅप" फाइल काय आहे?

जुन्या कॉम्प्युटरच्या डेटा टेपची रील आमच्याकडे कॉपीला दिली की काही दिवसांनी तुम्हाला पेनड्राइव्हवर एक "डॉट टॅप" फाइल मिळते आणि बहुतेकांचा पहिला फोन हाच येतो की भाऊ ही तर उघडतच नाही. डबल क्लिक करून उघडायची ती फाइल नाहीच, ती तुमची अख्खी टेप आहे, सिम-एच नावाच्या फुकट एम्युलेटरमधे (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) लावली की जुन्या कॉम्प्युटरला खरी रील चढवल्यासारखी चालते.

टेपवर डेटा सलग नसतो. एक ब्लॉक (एका वेळी लिहिलेला डेटाचा तुकडा), मग थोडी कोरी पट्टी म्हणजे गॅप (१६०० बीपीआयला, म्हणजे इंचाला १६०० बाइट बसतात तिथे, साधारण ०.६ इंच), मग पुढचा ब्लॉक, आणि ब्लॉक कुठे संपला ही पण माहितीच असते. खनिज-तेलवाल्यांच्या सेग-वाय टेप (जमिनीखालच्या लहरींच्या सर्वेक्षणाच्या) घ्या, १९७५ च्या स्टँडर्डप्रमाणे पहिला ब्लॉक ३२०० बाइटचा, दुसरा ४०० चा, त्यानंतर ट्रेस, म्हणजे लहरींच्या एकेक नोंदी. नुसता डेटा एकापुढे एक चिकटवून दिला तर या हद्दी पुसल्या जातात, म्हणून टॅप फाइलमधे प्रत्येक ब्लॉकच्या आधी ४ बाइटमधे त्याची लांबी, मग डेटा, आणि मागे परत तीच लांबी असते. मागे परत काहून? टेप मागेही सरकवता येते ना, मग फाइलमधे एक ब्लॉक मागे जायचं तर तो केवढा होता ते शेवटीच कळायला पाहिजे. टेप मार्क (टेपवर एक फाइल संपल्याची खूण) असेल तिथे ४ बाइट शून्य.

जो ब्लॉक नीट वाचल्या गेला नाही त्याच्या लांबीतच एररची खूण लागते. तो आम्ही गाळत नाही आणि अंदाजाने दुरुस्तही करत नाही, आमच्या मते कॉपीची खरी किंमत यातच आहे.

फाइल लहान दिसली म्हणून घाबरू नका, २४०० फुटांच्या रीलवर १६०० बीपीआयने सलग लिहिलं तरी ४६ एमबीच्या वर जात नाही, आणि गॅपमुळे त्याहून कमीच भरते.

एक कळकळीची विनंती, आयबीएमची टेप असेल तर कोणी "एबसिडिकचं आस्की करून देतो" (म्हणजे आयबीएमच्या अक्षरांच्या कोडचं आजच्या नेहमीच्या कोडमधे रूपांतर) म्हटलं तरी मूळ फाइल तशीच ठेवा. अक्षरं बदलतील पण त्याच रेकॉर्डमधले पॅक केलेले आकडे (एका बाइटमधे दोन अंक कोंबलेले, ते अक्षरं नसतात) कायमचे बिघडतात.

आणि ज्या रील अजून घरी आहेत त्या स्लॅबखालच्या लोखंडी कपाटातून आजच काढा, मे महिन्यातलं ४५ डिग्री आणि मग पावसाळ्याची ओल, दोन्ही वाईट. चिकट लागली तर चालवून बघू नका, उन्हात तर अजिबात ठेवू नका. डब्यासकट आणा, डब्यावरचं लेबल पुसट असलं तरी चालेल, बीपीआय बहुतेक तिथेच लिहिलेला असतो.