ताऱ्यांची 'प्रत' उलटी का चालते

तारा किती ठळक दिसतो ते सांगणाऱ्या आकड्याला 'प्रत' म्हणतात, पण आधी उजेड कुणाचा ते बघू. चंद्राला स्वतःचा उजेड नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात नवीन काही नाही. इ. स. 499 मधल्या एका संस्कृत ग्रंथातही ग्रहणं सावलीमुळे होतात असं स्वच्छ लिहिलंय. पण तिथेच तारेसुद्धा सूर्याच्याच उजेडाने अर्धे उजळतात असंही आहे, आणि त्यात लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण तारे किती लांब आहेत ते मोजायला काही साधनच नव्हतं. ते जमलं थेट 1838 मध्ये, हंस तारकासमूहातल्या एका मंद ताऱ्याचं अंतर निघालं, आजच्या हिशोबाने 11.4 प्रकाशवर्षं. इतक्या लांब सूर्याचा उजेड जाऊन परत आपल्यापर्यंत येणं शक्यच नाही.

खरा घोळ आहे तो 'प्रत' या शब्दाचा. ग्रीकांनी नुसत्या डोळ्यांनी बघून ताऱ्यांचे सहा वर्ग पाडले, सगळ्यात ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. आपण पहिल्या प्रतीचा माल म्हणतो तसंच, त्यात उलटं काहीच नव्हतं. पुढे दुर्बिणी आल्या, मोजमाप आलं, आणि 1856 मध्ये ऑक्सफर्डच्या एका निरीक्षकाने सुचवलं की पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर 100 पट उजेड धरायचा, म्हणजे एका प्रतीला 2.512 पट. हा आकडा बघून नवीन माणूस वैतागतो आणि बरेच जण म्हणतात की तेव्हाच जुनं सगळं टाकून जास्त उजेडाला मोठा आकडा अशी सरळ पट्टी करायला हवी होती. मला ते अजिबात पटत नाही, कारण मग शेकडो वर्षांच्या जुन्या नोंदी आजच्या आकड्यांशी ताडून बघणं फार किचकट झालं असतं.

अडचण होते ती पहिल्या प्रतीहूनही ठळक गोष्टींसाठी आकडा शून्याच्या खाली गेल्यावर. व्याध तारा उणे 1.46, पौर्णिमेचा चंद्र उणे 12.7, सूर्य उणे 26.7. चंद्र-सूर्यात फरक 14 प्रतींचा, म्हणजे साधारण 4 लाख पट. आणि 18व्या शतकात एकाने फक्त मेणबत्त्यांच्या उजेडाशी तुलना करून 3 लाख पट काढलं होतं, नुसत्या डोळ्यांनी!

चंद्राचं आणखी एक म्हणजे अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत नाही, जेमतेम दहावा हिस्सा देतो. जमीन तिथली खडबडीत, ऊन तिरकं पडलं की प्रत्येक दगडाची, खड्ड्याची सावली आपल्याला दिसते, पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून पडतं म्हणून सावल्या दगडांच्या मागे लपतात. तसा तो काळपटच आहे, जुन्या डांबरी रस्त्यासारखा, पडलेल्या उजेडातला 12 टक्क्यांच्या आसपासच परत पाठवतो.

शून्य कुठे धरायचा हा वादही बरीच वर्षं चालला, आधी अभिजित ताऱ्याची प्रत शून्य धरायचे. 2015 मध्ये जागतिक पातळीवर ठराव होऊन ताऱ्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण ऊर्जेवरून काढलेल्या प्रतीचा शून्य थेट वॅटमध्ये बांधला गेला, आकडे मात्र तेव्हाही उलटेच ठेवले.