मिशनरी कॉलेज आणि बायबल कॉलेज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

ठाण्यात कोणालाही सांगा की मी ख्रिश्चन लोकांच्या कॉलेजात शिकले, पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुम्हाला प्रार्थना कंपल्सरी होती का? मला हा प्रश्न कायम विचारतात आणि माझ्या ऐरोलीच्या मैत्रिणीलाही विचारतात, फक्त माझं उत्तर "नाही" आणि तिचं "दिवसातून तीनदा", कारण मी मिशनरी कॉलेजात होते आणि ती बायबल कॉलेजात. लोक दोन्ही एकच समजतात आणि मग आमच्या आठवणीही एकाच मापाने मोजतात, ते मला खरंच खटकतं.

मिशनरी कॉलेज म्हणजे चालवणारे धर्माचे लोक, पण शिकवतात बीए, बीकॉम, इंजिनिअरिंग, आणि डिग्री युनिव्हर्सिटीची. मुंबईत विल्सन १८३२ चं, झेवियर्स १८६९ चं, आपल्या वाशीत फादर अ‍ॅग्नेल, आणि यातल्या कुठल्याही वर्गात बघा, सगळ्या धर्मांची मुलं बसलेली असतात. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा आणि चालवायचा हक्क घटनेच्या कलम ३० ने दिलाय, पण त्याचबरोबर कलम २८ असंही सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत तुमच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. हे दुसरं कलम खूप जणांना माहीतच नसतं. आमच्याकडे कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या तासाला, जायची, बाकीच्यांना मॉरल सायन्स, आणि मी चार वर्षांत काय मानते हे मला एकानेही विचारलं नाही.

म्हणून माझी तक्रार आहे ती साधी कॉलेजवाली तक्रार आहे. अटेंडन्स कमी भरली म्हणून माझ्या बाबांना ऑफिसबाहेर दोन तास उभं ठेवलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण तो राग त्या ऑफिसवर आहे, देवावर नाही, आणि तिथून बाहेर पडताना माझं काहीच तुटलं नाही.

बायबल कॉलेजचं काम वेगळं. तिथे धर्म हाच विषय, पास्टर (चर्चचे धर्मगुरू) आणि प्रचारक घडवायचे, बहुतेक ठिकाणी राहायचंही तिथेच. मैत्रीण बारावीनंतर गेली, दुसऱ्या राज्यात, तीन वर्षं. गेटवर एक रजिस्टर असायचं, नाव, वेळ, आणि "बाहेर जाण्याचं कारण" असा रकाना. एकदा तिने कारण लिहिलं, घरी फोन करायचाय. एसटीडी बूथ समोरच्या फुटपाथवर, आणि वॉर्डननी लाल पेनने ते खोडून बाजूला लिहिलं, रविवारी. तिची आई तेव्हा आजारी होती. हे ती आजही सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. आणि हीच माझी मैत्रीण मेथी निवडताना जे गुणगुणते ते तिथल्या क्वायरमधलं, म्हणजे प्रार्थनागीतांच्या गटातलं, असतं, गाणं तिला तिथेच मिळालं, सगळ्यात जवळच्या तीन मैत्रिणी तिथल्याच. मग लोक विचारतात, एवढा त्रास होता तर आठवण का काढतेस? अगं पण वयाची अठरा ते एकवीस वर्षं तिथे गेली, ती वर्षं ती टाकणार कुठे!

या दुसऱ्या प्रकाराचं टोक बघायचं असेल तर अमेरिकेतलं अ‍ॅम्बॅसडर कॉलेज बघा. हर्बर्ट आर्मस्ट्राँग या रेडिओवरच्या धर्मप्रचारकाने १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला काढलं, पहिल्या वर्षी विद्यार्थी ४, पुढे टेक्सासमध्ये आणि इंग्लंडमध्येही कॅम्पस झाले. शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, पाळायचा, नाताळ नाही, वाढदिवस नाही, कमाईचा दशांश आर्मस्ट्राँगच्या चर्चला. १९७० च्या दशकात जगाचा शेवट जवळ आलाय अशी धास्तीही होती. आणि त्याच पॅसाडिनात सुंदर बागा, १९७४ चं भव्य ऑडिटोरियम जिथे जगभरचे ऑर्केस्ट्रा येऊन गेले. १९८६ मध्ये आर्मस्ट्राँग वारले, चर्चच्या नंतरच्या नेतृत्वाने हळूहळू मूळ शिकवणच बदलली, हजारो लोक फुटून गेले. कॉलेजला मान्यता मिळाली १९९४ मध्ये, म्हणजे सुरू झाल्यावर ४७ वर्षांनी, आणि १९९७ मध्ये ते बंदच झालं. आता विचार करा, तिथे शिकलेल्या माणसाचं लग्न तिथे जमलेलं, नोकरी त्याच चर्चमध्ये, मित्र सगळे तिथलेच, तो कॅम्पसबद्दल एका वाक्यात चांगलं की वाईट असं कसं सांगणार?

पण धर्म शिकवणारी प्रत्येक संस्था अशी असते असं मुळीच नाही. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये काढली, तीही धर्माचंच शिक्षण देते आणि कीर्तनकार घडवते. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज तर १८१८ पासून आहे, आणि तिथे एकाच कॅम्पसमध्ये धर्मशास्त्रही आहे आणि युनिव्हर्सिटीचे आर्ट्स-सायन्सही. (ते काढणाऱ्यांपैकी विल्यम कॅरी म्हणजे ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेच.) म्हणजे बोर्डावर काय लिहिलंय त्यावरून पूर्ण कळत नाही. घरातलं कोणी अशा ठिकाणी जाणार असेल तर मी दोनच गोष्टी विचारते, डिग्री कोण देणार, आणि दुसऱ्या वर्षी मुलीचा विश्वास उडाला तर तिला फी, मैत्रिणी आणि घर न गमावता निघता येईल का? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यावर माणसं गप्प होतात, आणि तिथेच नीट लक्ष द्या.

मागच्या वर्षी मैत्रीण लेकीच्या परीक्षेसाठी त्याच गावाला गेली होती, वाटेत कॉलेजसमोर रिक्षा थांबवली. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं, रकाने तेच. कारणाच्या जागी तिने लिहिलं, बघायला. आत क्वायरच्या खोलीला कुलूप होतं, ती खिडकीला डोळे लावून बराच वेळ उभी राहिली आणि रडली. मेसमधल्या ताईंनी ओळखलं, जेवून जा म्हणाल्या, खूप आग्रह केला. ती जेवली नाही. बाहेर येऊन सगळ्यात आधी आईला फोन लावला.