कायदा विधिमंडळाचा, नियम खात्याचा: कार्बनवर अखेरचा अधिकार कुणाचा?

'अमुक राज्याने कार्बनवर निर्बंध आणले' अशी अमेरिकेतली बातमी आली, की आधी एक गोष्ट बघावी: विधिमंडळाने कायदा केलाय, की पर्यावरण खात्याने नियम काढलाय? पाळावे दोन्ही लागतात, म्हणून गल्लत होते. पण नियमाचं बळ उसनं असतं, ते मूळ कायद्यातून येतं. प्रकरण कोर्टात गेलं की हा फरक उघडा पडतो.

पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया या राज्यांत तो अगदी उलटसुलट दिसला. योजना एकच, 'रेजी' (आरजीजीआय, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या काही राज्यांची सामाईक योजना): वीजकेंद्रांनी सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना घ्यायचा. परवान्यांचा लिलाव होतो आणि पैसा राज्याला मिळतो.

पेनसिल्व्हेनियात गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी २०१९ मध्ये खात्याला योजनेत शिरण्याचा आदेश दिला. विधिमंडळाने विरोधाचा ठराव केला, वुल्फ यांनी नकाराधिकार वापरला आणि २०२२ मध्ये नियम निघाला. हवा प्रदूषणाचा जुना कायदा आम्हाला शुल्क घेऊ देतो, असं खात्याचं म्हणणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॉमनवेल्थ कोर्टाने, म्हणजे राज्याच्याच एका वरिष्ठ कोर्टाने, ते फेटाळलं. जमा होणारी रक्कम योजना चालवण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणजे हा कर, आणि कर बसवायचा तर विधिमंडळानेच.

व्हर्जिनियात सुरुवात नियमानेच झाली, २०१९ मध्ये. पण २०२० मध्ये विधिमंडळाने कायदा करून त्याला पाठबळ दिलं, लिलावातला ४५ टक्के पैसा पूरनियंत्रणाला द्यायचा हेही त्यात लिहिलं. पुढे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांच्या काळात हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये नियमच रद्द केला. नियम मंडळाचा, तर रद्दही मंडळच करणार, असा युक्तिवाद. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लॉइड काउंटीच्या न्यायाधीशांनी तो नाकारला: कायद्याने घालून दिलेली योजना मोडायची तर कायदाच बदलावा लागेल. माझ्या मते हे अगदी योग्य झालं. ज्या खात्याला विधिमंडळाला डावलून आत शिरता येत नाही, त्याला तसं बाहेरही पडता येऊ नये.

कॅलिफोर्नियाची कार्बन परवान्यांची स्वतःची वेगळी योजना आहे. तिथे मात्र परवान्यांच्या लिलावाला कर म्हणायला कोर्टाने २०१७ मध्ये नकार दिला. तिथल्या २००६ च्या हवामान कायद्यात लिलावाचा स्पष्ट उल्लेख नव्हता, पण परवाने कसे वाटायचे हे ठरवण्याची मोकळीक हवा मंडळाला दिलेली होती. तरी त्याच वर्षी विधिमंडळाने ही योजना २०३० पर्यंत वाढवताना दोनतृतीयांश मतं मुद्दाम जमवली. करासाठी तिथे तेवढीच मतं लागतात. पुन्हा कुणी हाच वाद उकरून काढू नये, याची ही तजवीज.