उभ्या गाडीला पोचा पडू नये म्हणून, आणि पडलाच तर

आमच्याकडे डेंटिंग-पेंटिंगला येणाऱ्या गाड्यांत चालवताना ठोकलेल्या गाड्या असतातच. पण मालकाचा जीव जास्त जळतो तो उभ्या गाडीला कोणीतरी मारून गेल्यावर. रात्री धडधाकट लावलेली गाडी सकाळी दारावर पोचा घेऊन उभी. वॉचमनला माहीत नाही, कॅमेऱ्याचं तोंड भलतीकडे, आणि शेजारची गाडी केव्हाच ऑफिसला गेलेली.

रंगाचं काम हा आमचा धंदा आहे. तरीही आमच्या ग्राहकांना आम्ही पहिलं हेच सांगतो की कंपनीतून आलेला मूळ रंग शक्य तितका वाचवा. कारखान्यात गाडीची नुसती लोखंडी बॉडी गंजरोधक प्रायमरच्या टाकीत बुडवतात, कानाकोपऱ्यापर्यंत तो बसतो, आणि पुढे वरचा रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. आमच्याकडे गाडी येते तेव्हा तिच्यात सीट, वायरिंग, प्लास्टिक, पेट्रोल सगळं असतं, त्यामुळे बूथचं तापमान साधारण ६० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. चांगल्या कारागिराचा रंग डोळ्यांना तसाच दिसेल, पण त्याखालचा टाकीतला थर परत मिळत नाही. वरळी, माहीम, वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत हा फरक दोन-चार पावसाळ्यांनी दरवाजाच्या खालच्या कडेला दिसू लागतो.

आधी जागा बघा

पार्किंगमधली इजा टाळायची तर गाडीवर काय चढवलंय यापेक्षा गाडी कुठे आणि कशी लावलीय याला जास्त महत्त्व आहे. मुंबईच्या विकास नियमांत छोट्या गाडीची जागा २.३ मीटर बाय ४.५ मीटर धरलेली आहे. मारुती ८०० ची रुंदी १.४४ मीटर होती. आजची क्रेटा १.७९ मीटर, स्कॉर्पिओ-एन १.९२ मीटरच्या आसपास. दोन क्रेटा आपापल्या चौकटीत अगदी मधोमध लावल्या तरी त्यांच्यात राहतात जेमतेम ५१ सेंटिमीटर, आणि त्यातून दोन्हीकडचे आरसे वजा करा. तेवढ्या फटीतून साडी सावरत किंवा दप्तर घेतलेल्या मुलाला बाहेर काढताना शेजारच्या गाडीला दरवाजा लागणारच. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो.

म्हणून जागा निवडायची सोय असेल, म्हणजे मॉलमध्ये, ऑफिसात किंवा सोसायटीत अदलाबदल करताना, तर ओळीतली डावीकडची टोकाची जागा घ्या आणि गाडीची डावी बाजू भिंतीला लावा. कारण साधं आहे. सगळ्या गाड्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतील तर तुमच्या उजवीकडच्या गाडीची डावी बाजू तुमच्याकडे येते, आणि ती बाजू रोज उघडतेच असं नाही, कारण बहुतेक लोक एकटेच ऑफिसला जातात. डावीकडे शेजारी असेल तर मात्र त्याचा ड्रायव्हरचा दरवाजा तुमच्याकडे, आणि तो दर खेपेला उघडतो. भिंतीला टेकण्याआधी घरच्यांना खाली उतरवायला विसरू नका. आणि उजवीकडचा शेजारी गाडी उलटी लावत असेल तर हा सगळा हिशोब फिरतो: दोघांचे ड्रायव्हरचे दरवाजे समोरासमोर येतात. अशा वेळी दुसरी जागा बघावी.

लिफ्टच्या दाराशेजारची, रॅम्पच्या वळणावरची, ट्रॉल्या ठेवतात तिथली आणि दुचाकींच्या रांगेलगतची जागा टाळा, लांब चालावं लागलं तरी. दोनच दरवाजांची गाडी, उदाहरणार्थ तीन-डोअर थार, शेजारी असेल तर जरा अंतर सोडा. तिचे दरवाजे लांब असतात आणि अरुंद जागेत उघडताना हातातून सुटतात. खांबाजवळ लावताना सेन्सरवर विसंबू नका. बंपरच्या खाली येणारा बुटका खुंटा किंवा बारीक पाइप सेन्सरला बऱ्याचदा दिसत नाही. आमच्याकडे येणारे मागचे फाटलेले बंपर पुष्कळदा अशा खुंट्यांचेच बळी असतात.

सोसायटीतलं पार्किंग

स्टिल्टखाली उन्हापावसाची काळजी मिटते, पण बाकी सगळं तिथेच घडतं. स्कूटरचं हँडल, मुलांच्या सायकली, सुट्टीतलं क्रिकेट, पाण्याचे जार घेऊन जाणारी हातगाडी. खांबांना आणि भिंतीला, तुमच्या दरवाजाची कड जिथे टेकते नेमक्या त्या उंचीवर, फोमची जाड पट्टी लावून घ्या. कमिटीला एक अर्ज आणि शेजाऱ्याशी दोन गोड शब्द, एवढ्यावर काम होतं. शेजाऱ्याच्या भिंतीलाही आपल्याच खर्चाने पट्टी लावून दिली तर तो दरवाजा जरा जपूनच उघडतो, हा आमच्या बऱ्याच ग्राहकांचा अनुभव.

रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. एकच बादली, एकच फडकं, आणि त्या फडक्यात अगोदरच्या सगळ्या गाड्यांची माती. सकाळच्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात ते याचे. त्याला रागावून उपयोग नाही, त्याला तेवढ्या पैशांत तेवढंच जमतं. तुमची स्वतःची दोन मायक्रोफायबर फडकी आणून डिकीत ठेवा आणि सांगा की आधी पाणी मारायचं, मग पुसायचं. वाळलेल्या धुळीवर कोरडं फडकं फिरवू देऊ नका.

कव्हरबद्दल लोक आम्हाला फार विचारतात. स्टिल्टखाली स्वच्छ गाडीवर मऊ सुती कव्हर उत्तम. उघड्यावर, धुळकट गाडीवर टाकलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि खालची धूळ रंगावर घासत बसते. पावसाळ्यात ओलं कव्हर दिवसचे दिवस तसंच ठेवलं तर ओल कोंडते. रोज काढून झटकणं होणार नसेल तर उघड्यावर कव्हर नकोच.

स्टॅक किंवा पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवणारं, असेल तर पॅलेटवर लिहिलेली रुंदी-उंची-वजनाची मर्यादा खरोखर वाचा, आरसे मिटा, आणि खालची जागा तुमची असेल तर वरच्या गाडीतून तेल ठिबकत नाही ना ते अधूनमधून पाहा.

झाडाखाली, कबुतराखाली, रस्त्यावर

सावलीचा मोह मुंबईत महागात पडतो. नारळाच्या झाडाखाली गाडी लावणं म्हणजे नशिबाशी खेळ. आवारातल्या माडांचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या पावसाळ्याआधी उतरवून घ्यायला कमिटीला सांगा. मोठ्या झाडाची फांदी स्वतः तोडू नका, त्याला महापालिकेची परवानगी लागते. उद्यान विभागाकडे मे महिन्याच्या आत अर्ज द्या. जांभळाचा डाग ओला असताना निघतो, वाळून उन्हात तापला की हट्ट धरतो.

कबुतराची शीट वाळल्यावर नखाने खरवडणं हा तर रंगावर अन्याय. तापलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ पडतो, शीट त्यात रुतते, आणि गार होताना तिथे खड्डा राहतो. ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग उचला, घासू नका.

गिरगाव, लालबाग, दादरसारख्या भागांत रस्त्यावर लावणाऱ्यांनी गणपतीच्या दिवसांत विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावरून गाडी हलवलेली बरी. आरसे, अँटेना, वायपर हे आधी जातात, आणि गुलाल पावसात भिजला की पांढऱ्या गाडीच्या रबरांवर गुलाबी छटा बसते. दिवाळीत पेटत्या भुईचक्राजवळ प्लास्टिक बंपर वितळल्याच्या केसेस दर वर्षी येतात.

आम्ही विकतो ते, आणि त्याची मर्यादा

पीपीएफ, म्हणजे रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते. गाडीचा मूळ रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. म्हणजे फिल्म रंगापेक्षा जाड, आणि बॅगेची चेन, किल्ली, सायकलचं पेडल यांचे ओरखडे ती खरोखर अडवते. पण दरवाजा जोरात आपटला तर पोचा फिल्मसकट पडतो. पूर्ण गाडीला फिल्म प्रत्येकाला परवडत नाही. दरवाजांच्या कडा, हँडलमागची वाटी, मागच्या बंपरचा वरचा काठ आणि आरसे एवढ्यालाच लावली तरी पार्किंगमधल्या ओरखड्यांना बराच आळा बसतो.

सिरॅमिक कोटिंगबद्दल स्पष्ट बोलू. ते फार तर काही मायक्रॉन जाड असतं. पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, शेजारच्या दरवाजाशी त्याचा संबंध नाही. पोच्यापासून संरक्षण म्हणून कोणी ते तुमच्या गळ्यात मारत असेल तर हात जोडा.

बाजूची रबर बीडिंग जुनाट दिसते म्हणून लोक नको म्हणतात. आमच्या मते अरुंद पार्किंगमध्ये तिच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी वस्तू दुसरी नाही, फक्त ती दरवाजाच्या सगळ्यात फुगीर रेषेवर बसली पाहिजे. रात्री लावायचे आणि सकाळी काढायचे मॅग्नेटचे गार्डही मिळतात. बंद आवारात ठीक आहेत. रस्त्यावर लावाल तर सकाळी गाडी असेल, गार्ड नसतील.

पोचा किंवा ओरखडा दिसल्यावर

लगेच पेंटरकडे धावू नका. आधी ओरखड्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असताना तो दिसेनासा झाला तर चरा वरच्या क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाण्याची शक्यता चांगली. मग नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे. आत राखाडी प्रायमर किंवा चमकणारा पत्रा दिसला तर मात्र थांबू नका, विशेषतः जून ते सप्टेंबर. निदान टचअपचा थेंब तरी त्याच आठवड्यात पडू द्या.

दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या गाडीला लागलेला असतो तेव्हा दृश्य भयंकर दिसतं, पांढऱ्या दारावर लाल पट्टा. प्रत्यक्षात तो वर बसलेला रंग असतो, आणि कंपाउंडने घासल्यावर खाली तुमचा रंग पुष्कळदा जवळपास शाबूत निघतो. अशी गाडी घेऊन कोणी अख्खा दरवाजा रंगवायचं कोटेशन दिलं तर दुसरीकडे विचारा.

रंग न फुटता नुसता पोचा असेल तर पीडीआरचा, म्हणजे न रंगवता पोचा काढण्याचा पर्याय आहे. दरवाजाच्या आतून सळ्या घालून किंवा बाहेरून गोंदाच्या टॅबने ओढून पत्रा हळूहळू जागेवर आणतात, पुट्टी नाही, रंग नाही. कडेवरचा, दुमडलेला किंवा दुहेरी पत्र्याच्या जागेवरचा पोचा याने निघेलच असं नाही, आणि ते आम्ही आधीच सांगतो. हेअर ड्रायर आणि बर्फाचे व्हिडिओ पाहून पत्र्यावर प्रयोग करू नका. प्लास्टिक बंपर मात्र गरम पाण्याने मऊ होऊन आतून दाबल्यावर कधीकधी खरंच बाहेर येतो.

जुनी, जपलेली गाडी असेल, पद्मिनी, काँटेसा, पहिली झेन, तर पॉलिश करण्याआधी लपलेल्या जागी पांढरं फडकं घासून पाहा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तिला वरचा क्लिअर कोट नाही, प्रत्येक पॉलिशला थेट रंगच कमी होतो. अशा गाडीचं काम घाईत कोणाकडेही देऊ नका, आमच्याकडेही नाही. आधी दाखवा, मग ठरवू.

विमा मागावा की नाही

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या पोच्याला त्यातून काही मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तरी आधी हिशोब करा. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढावा लागतो. समजा बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्क्यांवर आहे. प्रीमियम तेवढाच राहील असं धरलं तर एका क्लेमने पुढच्या पाच वर्षांत मिळून सुमारे १५,००० रुपयांची सवलत जाते. गाडीची किंमत दर वर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये तुमच्या खिशातून. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, नसेल तर प्लास्टिकच्या भागांना आणि रंगाच्या साहित्याला ५० टक्के घसारा कापला जातो. एका दरवाजाच्या कामासाठी क्लेम बहुधा परवडत नाही. दोन दरवाजे आणि क्वार्टर पॅनेल एकाच वेळी गेले असतील तर जरूर करा. वेगवेगळ्या दिवसांचे पोचे एका क्लेममध्ये घालून द्या असं मात्र आम्हाला सांगू नका, सर्व्हेअर ते ओळखतो.

व्हॅलेला किल्ली देण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ छापलेलं असलं तरी लगेच हार मानू नका. दिल्लीच्या एका हॉटेलातून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर योग्य काळजी घेतल्याचं हॉटेलनेच दाखवायला हवं, नुसत्या छापील ओळीने जबाबदारी सुटत नाही. ते प्रकरण चोरीचं होतं, पण पावती जपून ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे.

आम्हाला फोटो पाठवताना

फ्लॅश बंद ठेवा. एक फोटो चार-पाच फुटांवरून, अख्खा दरवाजा किंवा पॅनेल दिसेल असा. दुसरा जवळून, पण तिरका, ट्यूबलाइटची रेघ पोच्यावरून जाताना जिथे वाकडी होते ती जागा दिसेल असा. याच फोटोवरून पीडीआर होईल की नाही याचा अंदाज येतो. तिसरा, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळेल. ओरखडा असेल तर रंगाचा कोड असलेल्या स्टिकरचाही पाठवा, तो बहुधा दरवाजाच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो. मेटॅलिक आणि पर्ल पांढऱ्या गाड्यांना कोड जुळला तरी छटा गाडी समोर उभी करून दिवसाउजेडीच जुळवतो, म्हणून त्यांना संध्याकाळची वेळ देत नाही.