हौदा बदलला, पासिंग तेच

मूळ हौदा उतरवून सपाट फळी बसवलेली पिकअप नाशिककडच्या पिंपळगाव किंवा घोटीच्या टोलवर अडली की वाद ठरलेला: 'पासिंगएवढाच (मंजूर वजनाइतकाच) माल आहे.' माल तेवढा असतोही. पण भुईकाटा अख्खी गाडी मोजतो.

याचं मूळ १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. कलम ११३ नुसार आरसीवरच्या (नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) एकूण वजनापेक्षा, म्हणजे गाडी आणि माल मिळून, जड गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. कलम ११४ खाली अधिकारी पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आतल्या काट्यावर गाडी न्यायला आणि जादा माल उतरवायला लावू शकतो. हौद्याचा मामला कलम ५२ चा, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांचा. मूळ कलमात साहित्य चढवल्या-उतरवल्याने रिकाम्या वजनात पडणाऱ्या २ टक्क्यांपर्यंतच्या फरकाला मंजुरी लागत नसे. २००० च्या दुरुस्तीने ही सैल गाठ आवळली. आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळलीच पाहिजे असं ठरलं.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलभार (एका आसावर चालणारं वजन) वाढवला, दोन एक्सलचा ट्रक १६.२ वरून १८.५ टनांवर गेला. पिकअपचंही पासिंग वाढलं, हा समज तेव्हापासूनचा. पिकअपचा आकडा कंपनीच्या मंजुरीतून येतो. स्प्रिंगचे पाटे वाढवून गाडी बसत नाही एवढंच, आरसी जागची हलत नाही.

आता हिशेब बघा. समजा आरसीवर एकूण ३,००० किलो, रिकामी १,७००, म्हणजे माल १,३००. नऊ फूट बाय पावणेसहा फुटाची ५ मिमी चेकर्ड (उठावाच्या नक्षीची लोखंडी) प्लेट साधारण १९५ किलो भरते, खालचे चॅनेल सव्वाशेच्या आसपास. मिळून ३२०. उतरवलेला हौदा २०० किलोचा असेल तर गाडी १२० किलोने जड झाली आणि माल १,१८० वर आला. ३ मिमी प्लेट घातली असती तर त्यातले पाऊणशे किलो वाचले असते.

टोमॅटोच्या २० किलोच्या ६५ जाळ्या म्हणजे बरोबर १,३०० किलो. पण हा झाला नुसता टोमॅटो. रिकाम्या जाळीचे दीड-दोन किलो कुणी धरत नाही, ते शंभरावर जातात. ड्रायव्हर, हमाल आणि फळी लाकडी असेल तर तिने धरलेलं पाणी वेगळंच.

पूर्वी जादा वजनाचा दंड २,००० आणि जादा टनामागे १,००० होता. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात तो २०,००० आणि टनामागे २,००० झाला. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. दोनशे किलोंसाठीही सुरुवात २०,००० पासूनच.

फळी लांब केली तर आणखी एक अडचण. मागच्या एक्सलपलीकडचा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांवर जाता कामा नये: ३ मीटर व्हीलबेसला १.८ मीटर. त्यापुढे भार मागे सरकतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. काम सुरू करण्याआधी नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत लेखी मंजुरी घ्यावी. काम झाल्यावर टाकी भरून, स्टेपनी-जॅकसह गाडी तपासणीचा शिक्का चालू असलेल्या काट्यावर घालावी. चारही चाकं एकदम प्लॅटफॉर्मवर हवीत. पुढचा-मागचा एक्सल वेगळा मोजला आणि जमीन उताराची असली की बेरीज चुकते.