कॉलियर, चार्ली
कॉलियर, चार्ली : (सु. 1885–1954). ब्रिटिश मोटारसायकल शर्यतपटू, अभियंते आणि ‘मॅचलेस’ मोटारसायकलींच्या निर्मात्यांपैकी एक. संपूर्ण नाव चार्ल्स रिचर्ड कॉलियर. आग्नेय लंडनमधील प्लमस्टेड येथे त्यांच्या वडिलांचा सायकली बनविण्याचा व्यवसाय होता व 1900 च्या आसपास या व्यवसायास मोटारसायकलींची जोड मिळाली. चार्ली आणि त्यांचे बंधू हॅरी हे दोघेही स्वतः घडविलेल्या गाड्या शर्यतींत चालवीत असल्याने कारखाना व शर्यतीचे मैदान यांत त्यांच्या बाबतीत फारसे अंतर राहिले नाही.

कॉलियर यांची ख्याती मुख्यतः आयल ऑफ मॅन बेटावरील ‘टुरिस्ट ट्रॉफी’ या शर्यतीशी निगडित आहे. 1903 च्या कायद्याने ब्रिटनच्या रस्त्यांवर ताशी 20 मैलांची वेगमर्यादा होती आणि शर्यतींसाठी सार्वजनिक रस्ते बंद करण्यास तेथे मुभा नव्हती. याउलट आयल ऑफ मॅनच्या टिनवाल्ड या विधिमंडळाने 1904 मध्ये तशी परवानगी देणारा कायदा केला होता. 1906 ची आंतरराष्ट्रीय चषक शर्यत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमियात झाली. गाडीचे वजन 50 किग्रॅ. पेक्षा जास्त नसावे, या तिच्या नियमामुळे नाजूक सांगाड्यावर भारी इंजिन बसविण्याची प्रथा पडली होती. तेथून परतताना आगगाडीत कॉलियर बंधू, ऑटो-सायकल क्लब या ब्रिटिश मोटारसायकल संघटनेचे सचिव फ्रेडी स्ट्रेट आणि मार्क्विस द मूझिली सेंट मार्स हे उमराव यांच्या चर्चेतून नव्या शर्यतीची कल्पना निघाली, असे परंपरेने सांगितले जाते. या कथेचा तपशील बहुधा पुढे रंगविला गेला असावा. तथापि, रोजच्या वापराच्या गाड्यांसाठी शर्यत असावी हा नव्या स्पर्धेचा हेतू 1906 च्या अनुभवाशी सुसंगत आहे.

पहिली टुरिस्ट ट्रॉफी 28 मे 1907 रोजी सेंट जॉन्स येथून सुरू होणाऱ्या सुमारे 15.8 मैलांच्या (सु. 25.4 किमी.) मार्गावर झाली. दहा फेऱ्यांच्या या शर्यतीत 25 स्पर्धक उतरले. एका सिलिंडरच्या गाड्यांनी गॅलनला किमान 90 मैल (लिटरला सु. 32 किमी.) व दोन सिलिंडरच्या गाड्यांनी 75 मैल जावे, अशी इंधनाची अट होती. जे. ए. पी. या ब्रिटिश कंपनीचे इंजिन बसविलेल्या मॅचलेसवर कॉलियर यांनी ताशी सरासरी 38.21 मैल (सु. 61.5 किमी.) वेगाने 4 तास 8 मिनिटांत एका सिलिंडरच्या गटात विजय मिळविला. दोन सिलिंडरच्या गटात प्यूजो इंजिनाच्या ‘नॉर्टन’ मोटारसायकलवर रेम फाउलर ताशी 36.21 मैल वेगाने पहिले आले.

पहिला विजेता कोण, याविषयी यामुळे मतभेद आहे. नॉर्टनच्या परंपरेत फाउलर यांना अग्रमान दिला जातो आणि शर्यतीतील सर्वांत वेगवान फेरी (ताशी 42.91 मैल) त्यांचीच होती, हे खरे आहे. परंतु दोन्ही गट एकाच दिवशी, एकाच मार्गावर व तितक्याच फेऱ्या धावले, एकूण वेळ कॉलियर यांची कमी होती आणि मार्क्विसने दिलेला मुख्य चषकही त्यांनाच मिळाला. तेव्हा पहिले विजेतेपद कॉलियर यांचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसरा वाद पायडलांचा आहे. त्या काळच्या गाड्यांना बहुधा एकच गिअर असे व चाकाला गती चामड्याच्या पट्ट्याने मिळे, त्यामुळे चढावर इंजिन दमू लागले की स्वाराने पायडल मारून त्याला हातभार लावावा लागे. कॉलियर यांच्या मॅचलेसला पायडले होती, तर दुसऱ्या क्रमांकावरील जॅक मार्शल यांच्या ट्रायम्फला ती नव्हती. पायडले नसती, तर निकाल उलटा लागला असता, असा ट्रायम्फच्या बाजूने आक्षेप घेण्यात आला. इंधनाच्या बाबतीत मार्शल यांची गाडी निःसंशय सरस होती. तिने गॅलनला सुमारे 114 मैल गाठले, तर कॉलियर यांच्या गाडीने सुमारे 94.5. मात्र पायडले तेव्हाच्या नियमांत बसत होती आणि त्यांच्या वापरासाठी लागणारे शारीरिक कष्टही लक्षात घ्यावे लागतात. 1908 मध्ये पायडलांवर बंदी आली. त्या वर्षी मार्शल पहिले व कॉलियर दुसरे आले. आक्षेपात तथ्य असल्याचे यावरून सुचते, पण एका वर्षाच्या निकालावरून आधीच्या वर्षाचा निवाडा करता येत नाही.

1909 मध्ये हॅरी व 1910 मध्ये पुन्हा चार्ली विजयी झाले. या दुसऱ्या विजयात त्यांचा सरासरी वेग ताशी 50.63 मैल (सु. 81.5 किमी.) होता. 1911 मध्ये शर्यत डोंगरावरील लांब मार्गावर गेली. सीनियर (मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या) गटात कॉलियर दुसरे आले. परंतु ठरवून दिलेल्या ठिकाणांव्यतिरिक्त पेट्रोल भरल्याबद्दल ते बाद ठरले आणि पहिले तिन्ही क्रमांक ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांकडे गेले. त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमधील ब्रुकलँड्स या शर्यतमार्गावर इंडियनचे जेक डी रोझिए यांच्याशी झालेल्या तीन लढतींपैकी एक कॉलियर यांनी जिंकली. पाठोपाठ त्यांनी ताशी 91.37 मैलांचा (सु. 147 किमी.) वेगविक्रम नोंदविला.

पुढील काळात कॉलियर कारखान्याच्या कारभारात गुंतले. मॅचलेसने 1931 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनची ए. जे. एस. ही कंपनी विकत घेतली व पुढे या समूहास असोसिएटेड मोटर सायकल्स हे नाव मिळाले. हॅरी यांचे 1944 मध्ये निधन झाले. चार्ली 1954 मध्ये मृत्यू येईपर्यंत कंपनीच्या कामात होते.