उतरलेल्या सेलात उरतं काय?

डिसेंबरातली सकाळ. डोक्याला साबण चोपडलेला, आणि गॅसचा गीझर नुसताच टिकटिकतोय. ठिणगीचा आवाज येतो, ज्योत काही धरत नाही. अशा वेळी माणूस आधी सिलिंडर हलवून बघतो, मग शेजाऱ्याला हाक मारतो, शेवटी मेकॅनिकला फोन लावतो. मेकॅनिक येतो, गीझरच्या बुडाची डबी उघडतो, दोन जाडे सेल बदलतो आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन जातो. हे सगळं माझ्या घरी घडलंय, आणि मी उभा जन्म पोरांना विजेचे प्रयोग शिकवण्यात घालवलाय! ठिणगीला वीज पुरत होती, पण गॅसची झडप उघडणाऱ्या विद्युतचुंबकाला पुरत नव्हती, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

ते दोन सेल मी कचऱ्यात टाकायला निघालो, तर आई म्हणाली, "टाकू नकोस ते. बॅटरीला चालतंय की अजून."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं जुन्या माणसांच्या बोलण्यात बॅटरी म्हणजे टॉर्च. रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला जाताना हातात असते ती बॅटरी, आणि तिच्या पोटात घालतात ते सेल. आईनं ते दोन्ही सेल जुन्या टॉर्चमध्ये घातले आणि टॉर्च लागली. आमच्या घरात लहान सेलांचीही अशीच उतरंड आहे. नवे चार सेल आधी रक्तदाब मोजायच्या यंत्रात जातात. यंत्रानं मान टाकली की त्यातले दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये, आणि रिमोट ऐकेनासा झाला की भिंतीवरच्या घड्याळात. आईनं ओहमचा नियम कधी वाचलेला नाही. पण जो सेल एका यंत्राला 'मेलेला' तो दुसऱ्याला 'जिवंत' असतो, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

आपली सर्वसाधारण समजूत अशी की सेल म्हणजे पाण्याची टाकी. भरली की चालू, रिकामी झाली की बंद. ही समजूत अर्धीच खरी. टाकीत पाणी किती, हा एक प्रश्न. टाकीच्या नळात क्षार किती साचलाय, हा दुसरा. उतरलेल्या सेलाची दुखणी बहुतेकदा दुसऱ्या प्रकारची असतात.

बारावीला आपण शिकलो की प्रत्येक सेलाला स्वतःचा असा अंतर्गत रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला आतला अडथळा, असतो. प्रवाह काढला की सेलाचा थोडा दाब (म्हणजे व्होल्टेज) त्याच्या पोटातच खर्च होतो, उरलेला आपल्याला मिळतो. नव्या अल्कलाइन सेलाचा हा रोध ओहमच्या काही दशांश इतका कमी असतो, आणि सेल जुना होईल तसा तो वाढत जातो. समजा, आपल्या वापरलेल्या सेलाचा दाब १.३५ व्होल्ट आहे आणि अंतर्गत रोध १ ओहम झालाय. रक्तदाबाच्या यंत्रातला पंप पट्ट्यात हवा भरताना अर्धा अँपिअर ओढतो असं धरू. म्हणजे अर्धा व्होल्ट आतच गेला, हाती राहिले ०.८५. चार सेलांचे मिळून ३.४ व्होल्ट, आणि यंत्राला हवेत ६ च्या आसपास. यंत्र बिचारं बॅटरीचं चित्र दाखवून गप्प बसतं. तोच सेल रिमोटमध्ये घाला. तिथला दिवा क्षणभर ०.१ अँपिअर घेतो, आतला तोटा ०.१ व्होल्ट. चालतंय की! भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदातून एकदा, तेही काही हजारांश अँपिअरचा झटका लागतो. त्याला आतल्या रोधाचा पत्ताही लागत नाही.

म्हणूनच नुसता मल्टिमीटर लावून सेल जोखू नये. मीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे दमलेला सेलही त्याला १.४ व्होल्ट दाखवतो. मीटरच्या जोडीनं सेलाच्या दोन टोकांना १० ओहमचा रोध दोन-तीन सेकंद लावा आणि मग आकडा वाचा. आकडा धपकन खाली आला तर तो सेल घड्याळाच्या लायकीचा. काहीजण सेल उभा धरून फरशीवर टाकतात आणि किती उडतो ते बघतात. ही नुसती आवई नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात हे तपासलं गेलं. अल्कलाइन सेलातली जस्ताची पूड वापरात झिंक ऑक्साइड होत जाते, कण एकमेकांना धरून कडक जाळं तयार होतं, आणि लापशीसारखा मऊ असलेला गाभा उसळी देऊ लागतो. पण सेल साधारण निम्मा उतरतो तेव्हाच उसळी आपल्या कमाल उंचीला पोचते. म्हणजे या परीक्षेत सेल नवा नाही इतकंच कळतं. मेला की नाही, ते कळत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. हा अंतर्गत रोध म्हणजे नेमकं काय अडतं?

आपला साधा स्वस्त सेल फार जुन्या घराण्यातला. १८६६ साली फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड वापरून काचेच्या बरणीत सेल केला, आणि पुढं १८८०च्या दशकात जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी त्यातलं पातळ द्रावण घट्ट करून तो कोरडा, न सांडणारा बनवला. मधोमध कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइड आणि काजळी यांचा काळा गोळा, आणि बाहेरचा डबा जस्ताचा. लक्षात घ्या, डबा हे नुसतं भांडं नाही, तेच इंधन आहे. सेल चालतो तेव्हा तो आपलंच भांडं खात असतो. म्हणून म्हातारा सेल गळतो.

जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडतं. ते तारेतून, दिव्यातून फिरून कार्बनच्या कांडीवाटे काळ्या गोळ्यात येतात. तिथं मँगनीज डायऑक्साइडचा कण इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याच वेळी द्रावणातला एक प्रोटॉन आपल्या स्फटिकात ओढून घेतो. हे कणाच्या पृष्ठभागावर घडतं. आतला माल वापरात यायचा तर प्रोटॉननं घन स्फटिकात एकेक पायरी सरकत आत जायला हवं, आणि घन पदार्थातून सरकणं हे काम कमालीचं संथ. तुम्ही जोरात प्रवाह ओढलात की कणाचा वरचा थर वापरून संपतो, आतला कोरा राहतो. तिकडं जस्ताजवळही विरघळलेल्या जस्ताच्या आयनांची गर्दी साचते, ती पांगायला वेळ लागतो. दाब घसरतो. सेल बाजूला ठेवलात की प्रोटॉन हळूहळू आत मुरतात, पृष्ठभाग पुन्हा मोकळा होतो, आयन पांगतात आणि दाब थोडा वर येतो. तांबड्या रश्श्याच्या पातेल्यातून एकामागून एक वाढप झालं की वरचा तवंग जातो, रस्सा फिका दिसतो. पाच मिनिटं हात आवरा, तवंग परत धरतो. (तवंग वर येण्याचं कारण निराळं आहे, उपमा इथंच सोडून द्या.)

याला आणखी एक पदर आहे. प्रोटॉन शिरत गेले तरी स्फटिकाचा मूळ सांगाडा बराच काळ तोच राहतो, फक्त त्यातलं जुन्या-नव्याचं प्रमाण बदलतं, आणि विद्युत्‌विभव त्या प्रमाणाच्या लॉगॅरिथमवर अवलंबून असल्यामुळे या सेलाचा दाब पहिल्या दिवसापासून उतारावरच असतो. याउलट मनगटी घड्याळातल्या सिल्व्हर ऑक्साइडच्या बटण सेलात एक घन पदार्थ सरळ दुसऱ्या घन पदार्थात बदलतो, मधलं प्रमाण असं काही नसतंच, म्हणून त्याचा दाब शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा पडतो. ज्यांना हे वाक्य डोक्यावरून गेलं त्यांनी पन्हाळ्याची वाट आणि पन्हाळ्याचा कडा आठवावा.

आता घरगुती उपायांकडं बघा. सेल उन्हात ठेवणं, तळहातावर चोळणं, जागा बदलून घालणं आणि क्रिकेटच्या शेवटच्या षटकात रिमोट अडला की माझा भाचा करतो तो उपाय, म्हणजे सेल दातांनी चावणं. सेल उन्हानं 'चार्ज' होतो अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. चार्ज काही होत नाही. ऊब मिळाली की आयन आणि प्रोटॉन लवकर सरकतात, रोध थोडा उतरतो. चोळल्यानं टोकावरचा गंज निघतो. चावल्यानं सुकलेला काळा गोळा दाबला जाऊन कांडीला पुन्हा चिकटतो. म्हणजे उपाय लागू पडतात, कारण मात्र भलतंच सांगितलं जातं. चावण्याबद्दल मी भाच्याला ओरडलो. अल्कलाइन सेलात तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते तोंड भाजून काढेल. आणि सेल शेगडीवर गरम करणाऱ्यांना तर मी घरात घेणार नाही.

नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत हेही याच ओघात. चारांपैकी तीन ताजे आणि एक रिकामा असेल तर ते तिघे त्या चौथ्यातून जबरदस्तीनं प्रवाह ढकलतात. त्याचे ध्रुव उलटे होतात, आत वायू धरतो, सील फुटतं. मग रिमोट उघडल्यावर पांढरी भुकटी दिसते. अल्कलाइन सेलातली ही भुकटी म्हणजे बाहेर आलेलं हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन झालेलं कार्बोनेट. कापसाच्या काडीला लिंबू लावून पुसा, स्प्रिंग बहुतेकदा वाचते.

मोबाईलची बॅटरी जातीनं वेगळी. तिच्या जन्मदात्यांपैकी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण अंतर्गत रोधाचं दुखणं तिलाही चुकलेलं नाही. जुना मोबाईल वीस टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडला की पटकन मान टाकतो, तो यामुळेच. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीनं जाहीरपणे मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले फोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा कमाल वेग आपण मुद्दाम कमी करतो. लोक संतापले, न सांगता केलं म्हणून ते बरोबरही होतं. पण कारण पदार्थविज्ञानातलंच होतं. आणि शून्य टक्के म्हणजे खरं शून्य नव्हे. लिथियम बॅटरी पार पिळून काढली तर तिच्यातला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, म्हणून फोन थोडं शिल्लक ठेवूनच डोळे मिटतो.

आमच्या नातलगांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक संदेश न चुकता येतो. बॅटरीची शेवटची कांडी उरली असताना फोन घेऊ नका, त्या वेळी किरणोत्सर्ग हजारपट असतो! खाली कुण्या न झालेल्या शास्त्रज्ञाचं नाव. फोन किती जोरात प्रक्षेपण करायचं हे टॉवरचा सिग्नल किती चांगला पोचतोय यावर ठरतं, बॅटरी किती उरलीय यावर नाही. सिग्नल अशक्त असेल तर फोन जास्त ताकद लावतो, आणि त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. संदेश लिहिणाऱ्यानं बैल गाडीच्या मागं जुंपलाय. फोनच्या पाठीवर चिकटवायचे 'ऊर्जा स्टिकर' याच लोकांना विकले जातात.

यातला कामाचा भाग मला २०१९ च्या ऑगस्टात उमगला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि आमच्या गल्लीत चार दिवस वीज नव्हती. टॉवरही एकामागून एक गप्प होत होते. फोन रिकामे होण्याचं मोठं कारण बोलणं नव्हतं, सिग्नल शोधणं होतं. ज्यांनी विमान मोड लावून तासातून एकदाच फोन उघडला त्यांचे फोन तगले.

उजेडासाठी मी 'जूलचोर' काढला. जूल हे ऊर्जेचं एकक, आणि इंग्रजीत दागिनेचोराच्या ('ज्वेल थीफ') नावावर कोटी करून ठेवलेलं हे नाव. उतरलेल्या सेलातली उरलीसुरली ऊर्जा काढून दिवा लावणारी ही छोटी जोडणी. जळक्या सीएफएल दिव्यातली फेराइटची कडी, तिच्यावर दोन तारा जोडीनं गुंडाळलेल्या पंधरा-वीस वेढ्यांच्या, एक ट्रान्झिस्टर, हजार ओहमचा रोध आणि एक पांढरा एलईडी. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, सेलात उरलेला एकही नाही. ट्रान्झिस्टर एका वेटोळ्यातून प्रवाह वाढवत नेतो, दुसरं वेटोळं त्यालाच आणखी रेटा देतं. वाढ थांबली की रेटाही थांबतो आणि ट्रान्झिस्टर एकदम बंद पडतो. पण वेटोळ्यातला प्रवाह असा अचानक थांबायला तयार नसतो. वाट मिळेपर्यंत तो दाब वाढवतो, आणि ती वाट एलईडीतून जाते. हे सेकंदाला हजारो वेळा होतं, आपल्याला दिवा अखंड दिसतो. आईच्या खणातले घड्याळातून बाद झालेले सेल आम्ही त्या रात्री एकेक करून जाळले. त्यांच्या उजेडात जिन्याची पायरी दिसत होती, पेपर वाचता येत नव्हता.

घड्याळातला सेल बाद झाला हे ओळखायची खूण सोपी आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, ते काम तो कमी दाबावरही चोख करतो. दमतं ते चाक फिरवणारं छोटं विद्युतचुंबक. सेकंदकाट्याला सगळ्यात जड चढ नवाच्या आकड्यापाशी असतो, कारण तिथं काटा आडवा असतो आणि त्याला सरळ वर उचलायचं असतं. म्हणून उतरलेलं घड्याळ बहुधा नवापाशी अडतं, काटा जागच्या जागी फडफडत राहतो.

गेल्या आठवड्यात आमचं घड्याळ तसंच अडलं. नवा सेल घातला, जुना मीटरवर लावला, तर ०.९ व्होल्ट. देवघराच्या फळीवर तो आता जूलचोराला जोडलाय. आज सकाळी ०.७ होता. आई म्हणते, अजून टाकू नकोस.